डोंगराखालचा वारा

तो माणूस दारात उभा राहिला, तेव्हा नंदिनीला आधी दिसलं ते त्याच्या पायाखाली साचत चाललेलं तळं. फरशी सकाळीच पुसून घेतली होती. डोक्यापासून चपलेपर्यंत तो ओलाचिंब होता, चप्पलही एकच होती, आणि जानेवारी असल्यामुळे पावसावर ढकलायचीही सोय नव्हती.

“बाहेरचा फळा कोण लिहितं?” त्याने विचारलं.

“मी. तुम्ही आधी बाहेर उभे राहून निथळून घ्या.”

“निथळतो. पण आधी हे वाचा. ‘वारा वायव्येकडून, मंद ते मध्यम.’ मंद ते मध्यम, मॅडम! माझी बोट आडवी झाली. मी पाण्यात, शीड पाण्यात, डबा पाण्यात. डब्यात कोलंबी होती.”

“ती घरी परतली असेल,” नंदिनी म्हणाली, आणि लगेच तिला वाटलं, सरकारी माणसाने असं बोलू नये.

कचेरी म्हणजे तरी काय, मोऱ्याच्या धक्क्याजवळच्या दोन खोल्या. न्हावा शेव्याला मोठं बंदर व्हायचं होतं, त्याच्या पाहणीसाठी ही तात्पुरती हवामान कचेरी उघडली होती. गच्चीवर वारा मोजणाऱ्या वाट्या गरगर फिरत, खाली नंदिनी तेंडोलकर त्यांचे आकडे घेई, आणि रोज सकाळी दाराबाहेरच्या फळ्यावर खडूने वाऱ्याचा अंदाज लिही, शनिवारी रविवारचाही. लाँचवाले तो वाचून पुढे जात. वाशीहून एस.टी.ने धक्के खात यायचं, फळा लिहायचा, आकडे घ्यायचे, परत धक्के खात जायचं. आजवर त्या फळ्याशी कुणी भांडलं नव्हतं.

“हे बघा,” ती म्हणाली, “अंदाज खुल्या समुद्राचा असतो. तुम्ही कुठे होतात?”

“द्रोणागिरीच्या पायथ्याशी. करंज्याच्या बाजूला.”

“मग? डोंगराच्या बुडाशी काय होतं त्याला मी जबाबदार नाही.”

“पण बोटी डोंगराच्या बुडाशीच असतात, मॅडम! आपला किनारा बघा ना, डोंगर, खाडी, परत डोंगर. खुल्या समुद्रात माझं कोण आहे?”

तो शर्टाचं टोक पिळत हसला. हसताना त्याच्या भुवईवरून एक थेंब घरंगळून ओठावर आला. हे आपण का पाहिलं, असं स्वतःलाच विचारत नंदिनी फरशी पुसायचं फडकं शोधायला आत गेली.

त्याचं नाव अरविंद म्हात्रे. घर तिथलंच, उरणकडचं. डिप्लोमा करून त्याने वाशीजवळ पावणे गावात छोटा कारखाना टाकला होता. फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवायचा. टाकी पाणी आत ठेवते, तर ती बाहेरही ठेवू शकेल, या विचाराने त्याने फायबरचीच एक शिडाची बोट केली आणि तिला आपल्या आजीचं नाव दिलं, ‘गोजरा’. आजीही कुणाचं ऐकायची नाही, असं त्याचं म्हणणं होतं. ही सगळी माहिती नंदिनीने विचारली नव्हती. त्याने ती निथळता निथळता पुरवली.

पुढच्या सोमवारी तो परत आला. कोरडा.

“काल वारा आलाच नाही,” तो म्हणाला.

त्याच्या पुढच्या सोमवारी, “काल वारा आला, पण चुकीच्या बाजूने.”

आणि त्यानंतर, “काल तुम्ही म्हणालात तसाच वारा आला. पण उशिरा. मी किती वेळ बसून राहिलो!”

“मी एस.टी.ची कंट्रोलर नाही!” नंदिनी कडाडली. आतल्या टेबलाशी पेपर वाचत बसलेले तिचे साहेब, रावसाहेब, पेपर खाली न करता म्हणाले, “तेंडोलकर, तुमचे तक्रारदार बसणार असतील तर खुर्ची द्या. उभ्याने आवाज जास्त येतो.”

खुर्ची दिली. खुर्चीत बसून तो आणखी बोलायला लागला. शेवटी वैतागून नंदिनीने खडू टेबलावर आपटला.

“काय केलं म्हणजे तुम्ही यायचे बंद व्हाल?”

अरविंदने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाला, “रविवारी बोटीत या. मोरा ते करंजा, द्रोणागिरीला वळसा घालून. निघताना सांगायचं, कुठे वारा कसा असेल. सगळा अंदाज खरा ठरला, तर मी पुन्हा या कचेरीची पायरी चढणार नाही.”

“आणि चुकला तर?”

“तर दर सोमवारी येणार. आणि चहा तुमच्याकडून.”

“तुमच्याबरोबर? एकटी? बोटीत?” नंदिनीने भुवया उंचावल्या.

“एकटी कशाला… आई असते ना.”

आई खरंच होती. चांगुणाबाईंचं माहेर करंज्याचं, आणि मुलाच्या बोटीचा उपयोग त्यांच्या लेखी एकच, फुकटात माहेरी जाणं. रविवारी नंदिनी धक्क्यावर पोचली तेव्हा त्या वांग्यांची टोपली मांडीवर घेऊन बोटीच्या मधोमध बसल्या होत्या.

“तूच का ती वाऱ्याची बाय?” त्यांनी नंदिनीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “बस. साडी खोच. आनि ह्याच्या नादी लागू नको, ह्याला वारा सोडून दुसरं कायपन समजत नाय.”

हे वाक्य नंदिनीला तेव्हा नुसतंच गमतीचं वाटलं.

त्या दिवशी तिचा अंदाज सपशेल आपटला. सकाळचा मतलई वारा, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा, तो बरोबर निघाला. दुपारचा खारा वाराही आला. तेवढं तर शाळेच्या भूगोलातही असतं. पण डोंगराजवळ गेल्यावर भूगोल संपला. द्रोणागिरीच्या समोर, जिथे वारा सरळ अंगावर यायला हवा, तिथे शीड मेल्यासारखं लोंबकळलं. आणि दक्षिणेकडचं टोक ओलांडून बोट करंज्याच्या खाडीकडे वळली, तेव्हा डोंगराखाली तेलासारखं गुळगुळीत पाणी पाहून नंदिनी म्हणाली, “तिकडे घ्या. आडोसा आहे. तिथे वारा लागणार नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

अरविंदने घेतलं. आणि वारा डोंगरावरून कडेलोट केल्यासारखा खाली आला. बोट तिरकी झाली, वांगी पाण्यात गेली, आणि नंदिनीने डोलकाठी समजून जे घट्ट पकडलं तो अरविंदचा दंड होता. सोडायला तिला बराच वेळ लागला.

“मंद ते मध्यम,” अरविंद तिच्या कानाशी म्हणाला.

“पाच रुपयांची वांगी!” चांगुणाबाई ओरडल्या.

सोमवारी तो हजर. चहा दोन कप प्यायला.

मग मात्र नंदिनी पेटली. तिला हरायचं दुःख नव्हतं, पण का हरलो ते न कळण्याचा तिला भयंकर राग यायचा. रविवारमागून रविवार ती ‘गोजरा’त बसायला लागली. वाशीच्या घरी आई विचारायची, “रविवारी कसलं गं तुझं ऑफिस? आणि ऑफिसात बसून माणूस काळं होतं का?” नंदिनी म्हणायची, “प्रॅक्टिकल असतं.”

आणि हळूहळू तो डोंगर तिला उमगायला लागला. वारा काही सरळ येऊन डोंगराला टक्कर देत नाही. ओढ्याचं पाणी दगडाशी करतं तेच तो करतो. बराच आधीपासून वर चढायला लागतो, म्हणून डोंगराच्या समोर, अगदी जवळ, बोटीला काहीच मिळत नाही. उरलेला दोन्ही बाजूंनी घुसतो, म्हणून टोकाशी दुप्पट जोर. आणि जो वरून गेला, तो पलीकडे कुठेतरी पडायलाच हवा. तो पडतो नेमका त्या गुळगुळीत पाण्यावर, मधून मधून, न सांगता. त्याची खूण एकच, पाण्यावरून धावत येणारा काळपट चट्टा. चट्टा दिसला की बोट सावरायला चार श्वासांचा वेळ. वरचं गवत कुठे झुकलंय, वीटभट्टीचा धूर कुठे मोडतोय, घारी कड्याच्या कुठल्या अंगाला तरंगताहेत, हे सगळं ती बघायला शिकली. अरविंदला यातलं निम्मं आधीच ठाऊक होतं आणि निम्मं नव्हतं. घारींचं तिने त्याला दाखवलं. तेव्हा तो सुकाणू धरून इतका वेळ वर बघत राहिला की बोट जाळ्याच्या खुंटाला घासून गेली.

“पुढे बघा!” नंदिनी ओरडली.

“तुम्हीच म्हणालात वर बघा.”

“दोन्हीकडे बघता येत नाही का माणसाला?”

“येतं की,” तो म्हणाला, आणि तिच्याकडे बघितलं. तिच्याकडे, पुढे नाही. मग घाईघाईने म्हणाला, “शीड जरा ओढून घ्या.”

हे असं! दर वेळी हे असं. नंदिनीला शिडाचा तो दोर त्याच्या गळ्यात घालावासा वाटायचा. पाण्यावरचा हातभर चट्टा ह्या माणसाला लांबून दिसतो, आणि समोर बसलेली मुलगी गेले कित्येक रविवार मोगरा माळून येते, ते दिसत नाही? समुद्रावर मोगरा कोण माळतं? तिने एकदा मुद्दाम म्हटलं, “आज किती छान वाटतंय, नाही?” तर तो म्हणाला, “हो, वारा फिरायच्या आधी तसंच वाटतं.” एकदा ती म्हणाली, “सोमवार कधी येतो असं होतं.” तर म्हणे, “का, सोमवारी ऑफिसात काम कमी असतं?” चांगुणाबाई तेव्हा खाडीकडे तोंड करून हसत होत्या, असा नंदिनीला संशय आला.

आता सरळ सांगायला हवं. नंदिनी त्याच्या प्रेमात पडली होती. चिडत, करवादत, दर सोमवारी दोन कप चहा पाजत ती पडली होती, आणि त्याहून वैतागाची गोष्ट अशी की ती आता जिंकत चालली होती. एका रविवारी तिचा एकच ठोकताळा चुकला. पुढच्या रविवारी अगदी थोडक्यात. पैज जिंकली की तो पायरी चढणार नव्हता. शब्द दिला होता, आणि म्हात्र्यांचा शब्द म्हणजे शब्द, हे त्याने स्वतः तिला ऐकवलं होतं. कचेरी कायमची नव्हती, पाहणी आटोपत आली होती. तो येईनासा झाला की संपलं. आणि मुद्दाम चुकायचं? फळ्यावर खोटं लिहायचं? ते नंदिनी तेंडोलकरच्या हातून मेली तरी झालं नसतं.

होळीच्या आधीच्या रविवारी ती धक्क्यावर उभी राहिली, गवत बघितलं, धूर बघितला, घारी बघितल्या. सगळं लख्ख होतं. तिला रडू आलं असतं.

“सांगा, मॅडम,” अरविंद म्हणाला. त्याचाही चेहरा आज उतरलेला होता.

“मोऱ्याच्या टोकापर्यंत मतलई, पाठीवर. टोक ओलांडलं की थांबेल, शीड लोंबेल, ऊन लागेल. मग खारा वारा येईल, उजव्या हाताने. डोंगरासमोर किनाऱ्याला चिकटलात तर अडकाल, लांबून गेलात तर पळाल. दक्षिण टोकाला जोर दुप्पट. आणि पलीकडे…” तिने नजर डोंगराकडे वळवली, “पलीकडे करंज्याच्या बाजूला पाणी गुळगुळीत दिसेल. तिथे जवळ जायचं नाही. शीड आधीच निम्मं करायचं. वारा वरून पडेल.”

“पडेलच?”

“पडेलच.”

झालं तसंच. पाठीवर म्हणाली तर पाठीवर, थांबेल म्हणाली तिथे थांबला. शीड लोंबलं, चांगुणाबाईंनी पदर डोक्यावर ओढून डुलकी काढली. मग खारा वारा आला, उजव्या हाताने. एकेक गोष्ट खरी ठरत गेली, तसतशी नंदिनी रडवेली होत गेली. कुठे तरी चुकावं! एकदा तरी ह्या मेल्या वाऱ्याने आपल्या मनाने वागावं! दक्षिण टोकाला दुप्पट जोर आला, अगदी शहाण्या मुलासारखा. बोट सुसाट वळली, आणि समोर डोंगराखालचं ते गुळगुळीत पाणी पसरलेलं दिसलं.

“शीड निम्मं करा,” नंदिनी म्हणाली.

अरविंदने ऐकलं नाही. पुरं शीड तसंच ठेवून त्याने सुकाणू वळवलं. सरळ डोंगराकडे.

“अहो, कुठे चाललात?”

“बघतो.”

“काय बघता? मी सांगितलंय ना…”

“बघू या ना. कदाचित आज पडणार नाही.”

“म्हात्रे! तो बघा चट्टा! म्हात्रे…”

चार श्वासांचा वेळ होता. तो नंदिनीने ओरडण्यात घालवला आणि अरविंदने डोळे मिटण्यात. वारा पडला. ‘गोजरा’ कुशीवर झोपली, अख्खी खाडी आत यायला निघाली, शीड पाण्याला टेकलं. नंदिनीने अंबाड्यातला मोगरा वाहत जाताना पाहिला आणि मग तिला कळलं की शिडाचा दोर तिच्याच हातात आहे. तिने तो सोडून दिला. शीड फडफडत मोकळं झालं आणि बोट थरथरत उभी राहिली. गुडघाभर पाण्यात तिघं बसलेली, आणि मध्ये चांगुणाबाईंची वांग्यांची टोपली रिकामी तरंगत होती.

चांगुणाबाईंनी काही न बोलता डालड्याचा डबा काढला आणि पाणी उपसायला सुरुवात केली.

“तुम्ही मुद्दाम केलंत,” नंदिनी म्हणाली. “चट्टा दिसला होता तुम्हाला. तरी मुद्दाम!”

अरविंद ओंजळीने पाणी उपसायला लागला.

“बोला ना! एवढं बजावून सांगितलेलं… तुमची आई आहे बोटीत, मी आहे! काय मिळवायचं होतं?”

“मना म्हाईत हाय,” चांगुणाबाई डबा रिकामा करत म्हणाल्या. “तू बोलतोस का मी बोलू? मेल्या, बोट बुडवायला छाती हाय नि तोंड उघडायला नाय?”

अरविंदने ओले केस मागे सारले.

“वाटलं… नसता पडला वारा, तर तुमचा अंदाज चुकला असता. एवढा एकच. म्हणजे उद्या सोमवारी मला येता आलं असतं.”

नंदिनी बोटांवर मोजायला लागली.

“आणि ते उशिरा आलेला वारा, चुकीच्या बाजूचा वारा…”

“पहिल्या दिवशी खरंच बुडालो होतो,” अरविंद घाईने म्हणाला. “नंतरचं… नंतर मी कित्येकदा समुद्रावर गेलोही नव्हतो. कारखान्यात असायचो. एस.टी.त बसून तक्रार काय करायची ते ठरवायचो.”

किती राग यावा माणसाला! नंदिनीला इतका राग आला की हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरले. तिने ते ओल्या पदराने पुसले, त्याने ते आणखी चुरचुरले. कितीतरी रविवार ती गवत न् धूर न् घारी बघत बसली होती, आणि हा शहाणा एस.टी.त बसून तक्रारी रचत होता. दोघांपैकी एकानेही तोंड उघडलं असतं तर वांगी वाचली असती.

“ऐका,” ती म्हणाली. “पैज मी जिंकले. वारा पडला. मान्य?”

“मान्य.”

“मग शब्द पाळायचा. उद्या कचेरीत यायचं नाही. कधीच नाही.”

त्याचा चेहरा असा झाला की चांगुणाबाईंचाही डबा थांबला.

“घरी यायचं,” नंदिनी म्हणाली. “वाशीला, संध्याकाळी. आबांचा आवाज चढेल, तुम्ही आगरी म्हटल्यावर आई दोन दिवस माझ्याशी बोलायची नाही. तरी यायचं. आणि तक्रार घेऊन नाही, मागणी घालायला यायचं. मी आत जाऊन बसणार नाही, तुमच्या शेजारीच बसेन.”

अरविंदचा हात सुकाणूवरून सुटला. बोट आपल्या मनाने भटकायला लागली.

“पन तिथं ह्यानं तोंड उघडलं पायजे ना,” चांगुणाबाई म्हणाल्या. “हा मानूस तुझ्या आबांना वारा कुठून येतो ते सांगत बसंल.”

“तेच,” नंदिनी म्हणाली. “म्हणून आत्ता, इथे म्हणून दाखवा. आधी मला ऐकायचंय.”

चांगुणाबाईंनी डबा नंदिनीच्या हातात दिला, सरकून सुकाणू धरलं आणि डोंगराकडे पाठ करून बसल्या. अरविंदने घसा साफ केला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. शेवटी त्याने तिच्या हातातला डबाच दोन्ही हातांनी धरला, तिच्या बोटांसकट.

“नंदिनी,” तो म्हणाला. पहिल्यांदाच मॅडम न म्हणता. “मला तुमच्याशी लग्न करायचंय. वाऱ्याबिऱ्याचं काही नाही. फक्त एवढंच.”

इतके सोमवार ह्याने तिला वाट बघायला लावली होती.

“ऐकू नाही आलं,” ती म्हणाली. “पुन्हा म्हणा.”